भाऊबीज आणि भरतीची रेषा

२०१८ सालची भाऊबीज माझ्या पक्की लक्षात राहिली आहे. दादा आदल्या रात्रीच्या एस.टी.ने निघून पहाटे दादरला उतरला. बरोबर नेहमीचे सामान होते : दहाबारा असोले नारळ, सुपारीची पिशवी आणि वहिनीने आठवणीने दिलेली आमसुले. आंघोळ झाली, पाट मांडला, मी ओवाळले. दादाने तबकात ओवाळणी घातली आणि पाटावरून न उठताच जवळच्या पिशवीतून एक लांबट गुंडाळी काढली. यंदा साडी आणली की काय, असे माझ्या मनात आले. पण निघाला तो एका इमारतीचा नकाशा, आणि नकाशाच्या आत शंभर रुपयांचा स्टँपपेपर!

“ह्याच्यावर तुझी सही हवी,” दादा म्हणाला.

बहीणभावांच्या मध्ये स्टँपपेपर आला की पुढची कथा वाचकांना न सांगताच कळते. पण माझी हकीकत निव्वळ भांडणाची नाही. ती एका रेषेची आहे. ही रेषा वाळूवर आखलेली दिसत नाही, पण तिने आम्हा बहीणभावांना दोन वर्षे दोन बाजूंना उभे केले; आणि शेवटी एका बाजूला आणले तेही तिनेच.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अगदी समुद्रावर आहे. वडिलांच्या मागे वाडी आम्हा दोघांच्या नावावर झाली. वाडी म्हणजे कोकणातली नेहमीची चिंचोळी, लांबच लांब पट्टी. एक टोक गावच्या रस्त्याला, दुसरे टोक पुळणीला. रस्त्याच्या बाजूला कौलारू घर, मध्ये नारळी-पोफळी आणि विहीर, आणि शेवटी उंडीची चार झाडे, केवड्याचे बन व वाळूची टेकाडे. ह्या शेवटच्या तुकड्याला आम्ही ‘पुढची पट्टी’ म्हणतो. तिथे काही पिकत नाही. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळत असू आणि केवड्याचे काटे अंगात भरून घेऊन आईच्या शिव्या खात असू.

नेमकी हीच पट्टी आता सोन्याची झाली होती! एका एजंटाने दादाला गाठले होते. पट्टीवर आठ खोल्यांचे पर्यटक निवास बांधायचे, पैसा त्याचा, जागा आमची. वर गच्ची, समोर सरळ समुद्र. विसाराचे पाच लाख सही होताच मिळायचे होते. दादाचा मुलगा त्या वर्षी इंजिनियरिंगला गेला होता. सुपारीचा भाव आणि पाडेकऱ्याची मजुरी यांचा मेळ बसत नव्हता. दादाच्या डोळ्यांपुढे ते पाच लाख होते, आणि खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांपुढे ती गच्ची होती. संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून चहा घेणारी मी मला स्पष्ट दिसली. नकाशाच्या कडेकडेने मी बोट फिरवले आणि म्हटले, “दादा, इथून तिथपर्यंत चांगलं पक्कं कुंपण मात्र घालून घे हो! नाहीतर सारा गाव आपल्या अंगणातून जायचा.” हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, मला ते पुढे गिळावे लागले.

आमचे ‘हे’ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कोणताही कागद उलटसुलट वाचल्याखेरीज खाली ठेवायचा नाही, ही त्यांची सवय. सारा नकाशा पाहून झाल्यावर चष्मा पुसत त्यांनी एवढेच विचारले, “ही जागा भरतीच्या रेषेपासून किती मीटरवर आहे?”

दादाला ते सांगता येईना, आणि मला तर प्रश्नच कळला नाही.

परशुरामानंतरची रेषा

समुद्राला ‘इथपर्यंतच’ असे बजावणारा पहिला सर्व्हेअर म्हणजे परशुराम. त्याने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकणची भूमी काढली, असे आपण ऐकत आलो. त्यानंतर किनाऱ्याची मोजणी मनावर घेतली ती भारत सरकारने. फरक एवढाच की परशुरामाने समुद्राला मागे सरायला लावले, आणि सरकारने माणसाला.

नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र लिहिले. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथून निदान पाचशे मीटर किनारा मोकळा ठेवावा, असे त्यात सांगितले होते. पत्राने इमारती थांबत नाहीत. पुढे १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या आधाराने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. कोकणात तिला सगळे ‘सीआरझेड’ म्हणतात. बहुतेक वेळा कपाळाला आठी घालूनच म्हणतात.

नियमाचा गाभा फार अवघड नाही. उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर जिथवर पोचते, ती भरतीची रेषा. तिथून आत पाचशे मीटरपर्यंतच्या जमिनीवर काय बांधायचे, याला मर्यादा आहेत. कांदळवने, कासवे अंडी घालतात त्या पुळणी, वाळूची टेकाडे अशा नाजूक जागा पहिल्या वर्गात, आणि तिथे नियम सर्वांत कडक. मुंबईसारखी भरवस्तीची शहरे दुसऱ्या वर्गात. आमच्यासारखी खेडी तिसऱ्या वर्गात : रेषेपासून पहिले दोनशे मीटर नवे बांधकाम नाही, दोनशे ते पाचशेच्या दरम्यान गावच्या लोकांना राहती घरे बांधता येतात, तीही तळमजला अधिक एक आणि नऊ मीटरपेक्षा उंच नाहीत. जुने, परवानगी असलेले घर असेल तर त्याच जोत्यावर दुरुस्ती करायला मुभा आहे. समुद्राप्रमाणे खाडीच्या काठालाही असाच, पण अरुंद पट्टा राखलेला आहे. २०११ साली ही अधिसूचना नव्याने निघाली, २०१९ च्या जानेवारीत पुन्हा निघाली. जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती आहे तिथे दोनशेचे पन्नास मीटर झाले. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावांना मात्र दोनशे मीटर कायम राहिले.

२०१९ चा बदल सोडला तर हे सगळे यांनी मला त्या भाऊबिजेच्या दुपारी जेवता जेवता समजावून सांगितले. दादा मुकाट्याने जेवत होता. हात धुताना तो म्हणाला, “एजंट म्हणतो, ग्रामपंचायतीचा दाखला आणू. कागदावर शेतघर दाखवू. सगळेच करतात.”

मी सही केली नाही, पण ‘नाही’ असेही म्हटले नाही. “एकदा मोजून तर पाहू,” म्हणाले. मनात आशा होती की मोजणी आमच्या बाजूने निघेल.

टेप कुठून धरायची?

डिसेंबरात आम्ही गावी गेलो. हातात पन्नास मीटरची टेप, आणि पहिलाच प्रश्न असा की टेपचे एक टोक धरायचे कुठे? समुद्र काही एका जागी उभा राहत नाही. भांगाच्या दिवसांत तो लांबून रामराम करतो आणि अमावास्या-पुनवेच्या उधाणाला थेट केवड्याच्या पायाशी येतो. त्याचे वेळापत्रक आमच्या वडिलांना तोंडपाठ असे. “तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते,” ते म्हणत. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. घड्याळ नसलेल्या कोळ्यालाही हा हिशेब येतो.

तालुक्याच्या कचेरीत आम्ही नकाशा पाहिला. भरतीची रेषा ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवायची नसते. ती केंद्र सरकारने नेमलेल्या संस्था ठरवतात आणि मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर, सर्व्हे नंबरांसकट उमटवतात. तो नकाशा घेऊन आम्ही पुळणीवर आलो, तर जुन्या ओळखीची एक म्हातारी कोळीण जाळे विणत बसली होती. आमची टेपची कसरत पाहून ती हसली. म्हणाली, “मोजतास काय? ती मर्यादवेल बगा ना! दर्या तिच्या फुडं येत नाय.”

मर्यादवेल! जांभळ्या फुलांची, जाड पानांची ही वेल मी लहानपणापासून तुडवत आले होते, पण तिच्या नावाचा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरला. समुद्राची मर्यादा दाखवणारी ती मर्यादवेल. नकाशावरची रेषा आणि ती वेल आमच्या वाडीपुढे जवळपास एकाच जागी निघाली. सरकारने ज्यासाठी उपग्रहाची छायाचित्रे लावली ते काम ही वेल फुकट करीत होती!

मोजणी आमच्या विरुद्ध गेली. पुढची पट्टी रेषेपासून साठ मीटरवर सुरू होऊन दीडशेच्या आत संपत होती. जुने घर होते दोनशे तीस मीटरवर. पणजोबांनी घर बांधले तेव्हा कोणतीही अधिसूचना नव्हती. तरीही समुद्राकडची मोकळी जागा सोडून ते एवढे मागे का सरकले असतील?

मी सही करणार नाही, असे दादाला सांगितले. तो काही बोलला नाही. परत निघताना वहिनी मला पोचवायला फाट्यापर्यंत आली. ती फक्त म्हणाली, “वन्सं, तुमचं बरोबर असेल. पण फी जूनमध्ये भरायची आहे.”

२०१९ च्या भाऊबिजेला दादा आला नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ असून त्या संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहून चंद्राला ओवाळले.

मोठ्यांना वाट, लहानांना भिंत?

त्या वर्षभरात मला ह्या नियमाचा रागही पुष्कळ आला, हे कबूल केले पाहिजे. दादा चिडून फोनवर म्हणायचा, “तुमची मुंबई आख्खी समुद्रात भर घालून उभी केलीत, आणि आम्हाला आमच्याच जागेत आठ खोल्या नकोत काय?” याला उत्तर काय द्यायचे? सात बेटांची मुंबई भर घालूनच एक झाली. बॅकबे भरतीच्या कामातले घोटाळे १९२० नंतरच्या दशकात ज्यांनी चव्हाट्यावर आणले त्या खुर्शेद नरिमनांचेच नाव पुढे त्या भरतीच्या जमिनीला मिळाले, हा तर दैवाचा विनोदच! आणि ही सगळी जुनी गोष्ट आहे असेही नाही. मुंबईच्या सागरी रस्त्याच्या परवानग्या उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केल्या, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात त्या निर्णयाला स्थगिती दिली, आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग सुरूही झाला.

नियमही काही दगडावर कोरलेला राहिला नाही. १९९१ ची अधिसूचना पुढच्या वीस वर्षांत वीसहून अधिक वेळा बदलली गेली. १९९४ साली खाडीकाठचा शंभर मीटरचा पट्टा पन्नासवर आणला होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत रद्द केली. २०१९ मध्ये ते पन्नास मीटर पुन्हा आलेच. ज्यांना वकील परवडतो त्यांना पळवाट सापडते आणि कोळीवाड्यातल्या माणसाला आपल्या झोपडीवर पत्रा बदलतानाही धाकधूक वाटते, ही तक्रार खोटी नाही.

पण एका जागी गळती लागली म्हणून कोणी साऱ्या घराचे छप्पर काढून टाकीत नाही. नियमात भोके आहेत म्हणून नियमच नको, असे म्हणणारे बहुधा भोकाच्या शेजारीच उभे असतात, असे माझ्या ध्यानात येऊ लागले. आमचा एजंट त्यांपैकीच होता.

‘ग्रामपंचायतीचा दाखला आणू’ या वाक्याची खरी किंमत साऱ्या देशाने जानेवारी २०२० मध्ये दूरदर्शनवर पाहिली. केरळात कोचीजवळ मरडू येथे पाण्याच्या काठी उंच इमारती उभ्या होत्या. २००६ साली पंचायतीने त्यांना बांधकामाचे परवाने दिले होते; राज्याच्या किनारा प्राधिकरणाची संमती मात्र घेतलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये त्या पाडण्याचा हुकूम दिला. ११ आणि १२ जानेवारीला सुरुंग लावून चार संकुले काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. तीनशेहून अधिक घरे! त्यांत आमच्यासारखीच माणसे होती, आयुष्याची पुंजी घालून बसलेली. सरकारकडून हंगामी भरपाई मिळाली, पण भरपाईने घर परत येत नाही. धुळीचा तो लोट पाहताना मला आमच्या गच्चीवरची खुर्ची आठवली.

त्या रात्री नऊ वाजता फोन वाजला. दादा होता. “पाहिलंस?” एवढेच म्हणाला. मी “हो” म्हटले. मग आम्ही दोघेही थोडा वेळ नुसतेच फोन धरून बसलो.

पुळण कोणाची?

आता त्या कुंपणाबद्दल. आमच्या वाडीच्या कडेने एक पाणंद समुद्राकडे जाते. पुढच्या पट्टीपाशी ती आमच्याच हद्दीत शिरते आणि केवड्याच्या बनाला वळसा घालून पुळणीवर उतरते. कोळी मंडळी जाळी खांद्यावर टाकून तिथूनच जातात, नारळी पौर्णिमेची मिरवणूक तिथूनच जाते, आणि गावचे गणपतीही तिथूनच समुद्राला भेटतात. मी नकाशावर बोट फिरवून जे कुंपण मागितले, ते नेमके ह्या वाटेवर आडवे येत होते. ती जाळे विणणारी म्हातारी मग समुद्रावर कोणत्या वाटेने गेली असती? हा विचार माझ्यासारख्या, चार पुस्तके वाचलेल्या बाईच्या मनाला त्या भाऊबिजेला शिवला नाही, याची मला आजही लाज वाटते.

समुद्रकाठ कोणा एकाचा नसतो, हे माणसाला फार पूर्वी कळलेले आहे. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा ही सर्वांची सामाईक, असे सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने संकलित करवलेल्या रोमन कायद्यात सांगितले आहे. आपल्याकडे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्राच्या संहितेतही भरतीरेषेखालचा समुद्राचा, खाडीचा तळ आणि नद्या-नाले सरकारच्या मालकीचे धरले आहेत. पण सरकार तरी मालक कोणत्या अर्थाने? हा प्रश्न हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठच्या एका हॉटेलावरून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. हॉटेल वाचवण्यासाठी नदीचाच प्रवाह वळवला होता. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की अशा पाण्याचे आणि काठाचे सरकार हे विश्वस्त आहे. विश्वस्ताने देवळाची जमीन विकावी तसे ते कोणाला देऊन टाकता येणार नाही. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर जाणारी लोकांची वाट एका मोठ्या हॉटेलाच्या जागेतून होती. ती खुली ठेवलीच पाहिजे, हे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. एवढ्या मोठ्या हॉटेलाला जे कुंपण घालता आले नाही, ते घालायला मी निघाले होते!

३ जूनचा दिवस

आणि मग आले निसर्ग वादळ. ३ जून २०२० च्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. रायगडचा दक्षिण भाग, मंडणगड, दापोली हा सगळा पट्टा त्याने झोडपला. टाळेबंदीचे दिवस, फोन बंद, वीज नाही. चौथ्या दिवशी दादाचा आवाज ऐकला. “आम्ही सगळे आहोत,” तो म्हणाला, आणि मग त्याला पुढे बोलवेना. पोफळी जवळजवळ सगळ्या आडव्या झाल्या होत्या, नारळाची निम्मी झाडे गेली होती, घराची कौले उडाली होती.

कोणताही नियम वाऱ्याला अडवू शकत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण पाण्याची गोष्ट वेगळी होती. उसळलेला समुद्र आमच्या केवड्याच्या बनापर्यंत आला, टेकाडांची पुढची बाजू त्याने कुरतडली, आणि तिथेच त्याचा जोर सरला. शेजारच्या वाडीत मात्र चार वर्षांपूर्वी टेकाडे सपाट करून, मर्यादवेल उपटून, समुद्राला भिडून भिंत बांधली होती व मागे खोल्या काढल्या होत्या. भिंत मधोमध फुटली. खारे पाणी आणि वाळू थेट बागेत शिरली. त्यांच्या विहिरीचे पाणी पुढे दोन उन्हाळे तोंडात धरवत नव्हते. आमच्या विहिरीवरून त्यांच्या घरी हंडे जात होते.

यात चमत्कार काही नाही. वाळूचे टेकाड ही समुद्राची आणि जमिनीची सामाईक ठेव आहे. पावसाळ्यात समुद्र त्यातून वाळू उचलतो, थंडीत परत आणून भरतो. मर्यादवेल आणि केवडा त्या वाळूला मुळांनी बांधून ठेवतात. लाट उतरत्या पुळणीवर चढते तेव्हा चढता चढता दमते. भिंतीवर आपटली तर न दमताच परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. म्हणून भिंत एकाची वाचवते आणि कडेच्या दोघांची खणते. विहिरीचे तसेच. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. टेकाड काढले किंवा पंप लावून उपसा वाढवला की खालचे खारे पाणी वर सरकते. खाडीत जे काम कांदळवन करते, तेच पुळणीवर हे टेकाड करते. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईने बुजवलेल्या खाड्यांची किंमत मोजली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि त्यांच्या भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितला. दोनशे काय, पन्नास काय, हे आकडे कचेरीत बसून ठरवलेले वाटतात. पण त्यांच्या पाठीमागे अशी साधी, जुनी समज आहे. आमच्या पणजोबांना ती होती. घर दोनशे तीस मीटरवर का, याचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

पुन्हा भाऊबीज

त्या वर्षीच्या भाऊबिजेला मीच गावी गेले. वादळाने उघडे पडलेले घर आम्ही त्याच जोत्यावर दुरुस्त केले. माझ्या वाटणीच्या दोन खोल्या मी दादाकडे सोपवल्या. तिथे आता पाहुणे उतरतात. समुद्र दिसत नाही, पण त्याचा आवाज येतो आणि वहिनीच्या हातचे मोदक मिळतात. आठ खोल्यांचे उत्पन्न दोन खोल्यांना नाही. भाच्याची फी कर्ज काढून भरावी लागली, ते अजून फिटते आहे. “रेषेने माझे पाच लाख खाल्ले,” असे दादा अजूनही म्हणतो. मी त्याला वाद घालत नाही, कारण ते खरे आहे. किनारा सर्वांसाठी राखायचा तर त्याचा खर्च एकट्या किनाऱ्यावरच्या माणसाने का सोसावा, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपण शहरवाल्यांनी व सरकारने द्यायला हवे.

दुसरे एक काम दादाने आपणहून केले. किनाऱ्याच्या नकाशांवर लोकांच्या हरकती मागवतात. मासळी सुकवण्याच्या जागा, कोळ्यांची सामाईक ठिकाणे त्यांत दाखवावीत, अशी तरतूद आहे. जिल्ह्याच्या किनारा समितीवर कोळी व इतर स्थानिकांचे निदान तीन प्रतिनिधी असावेत, असेही २०११ पासून ठरलेले आहे. दादाने कोळी मंडळींना बरोबर घेऊन लेखी अर्ज दिला की आमच्या हद्दीतून जाणारी पाणंद लोकांची वाट म्हणून नोंदवावी. अर्जावर दोन मालकांच्या सह्या लागल्या. ही सही मी आनंदाने केली.

आपल्यापैकी कित्येकांनी ‘समुद्राला लागून प्लॉट’ अशा जाहिराती पाहिल्या असतील. निवृत्तीचे पैसे हाती आले की कोकणात एक लहानसे घर असावे, असे कोणाला वाटत नाही? जरूर घ्यावे. पण विसार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. जागा भरतीच्या रेषेपासून किती मीटरवर आहे, आणि ते कोणत्या नकाशावरून? परवानगी फक्त पंचायतीची आहे, की किनाऱ्याच्या नियमांप्रमाणेही आहे? आणि ह्या जागेतून आजवर समुद्रावर कोण जात आले? तिसरा प्रश्न कायद्याच्या वकिलाला नव्हे, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावा.

आता आमची भाऊबीज गावीच होते. ओवाळून, जेवून आम्ही दोघे पुळणीवर जातो. तिथी द्वितीया, तिची पाऊणपट म्हणजे दीड. बरोबर दीडच्या सुमाराला समुद्र भरून येतो. गेल्या वर्षी वादळात गेलेली मर्यादवेल पुन्हा चांगली पसरलेली दिसली. पण पूर्वीपेक्षा ती दोनचार पावले अलीकडे आली आहे, असे दादा म्हणाला. समुद्राची पातळी जगभर वाढते आहे, हे आम्ही वाचलेले होते. ते असे आमच्या दाराशी उभे राहिले.

जाळे घेऊन कोणी तरी पाणंदीने खाली येत होते. दादा उठून वाटेतून बाजूला झाला, आणि मीही पदर सावरून त्याच्या शेजारी सरकले.